अध्यक्षाचा हेतु व दप्तराचा पुरावा

(१)

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें ता. १ जुलै २०२४ रोजीं 'ट्रम्प विरुद्ध संयुक्त संस्थानें' या प्रकरणांत जो निर्णय दिला, त्याचें परीक्षण कायदेपंडितांनीं पुष्कळ केलें आहे. त्यांच्या चर्चेंत शिरण्याचा आमचा अधिकार नाहीं व तसा विचारहि नाहीं. परंतु त्या निर्णयाचें एक अंग असें आहे कीं, तें न्यायाधीशाइतकेंच दप्तर राखणाऱ्याच्या व जुने कागद वाचणाऱ्याच्याहि परिचयाचें आहे. राज्यकर्त्यानें एखादें कृत्य कोणत्या बुद्धीनें केलें हें कोणत्या कागदावरून ठरवावें, आणि तसा कागद हातीं असतां तो पुराव्यांत घ्यावा कीं बाजूस ठेवावा, हा तो प्रश्न होय. रुमाल सोडून एकेका बंदाची तारीख, हस्ताक्षर व शेरा तपासणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न रोजचाच आहे. म्हणून या निर्णयाची परीक्षा आम्ही त्याच कसोटीवर करूं इच्छितों.

निर्णयाचा मथितार्थ असा. अध्यक्षाच्या कृत्यांचे तीन वर्ग पाडले आहेत. राज्यघटनेनें जे मुख्य अधिकार एकट्या अध्यक्षासच दिले, त्यांच्या वापराबद्दल त्याजवर फौजदारी खटला केव्हांहि चालवितां येणार नाहीं. अधिकाराच्या कक्षेंतील इतर कृत्यांबद्दल तो मुक्त आहे असें गृहीत धरावयाचें व तें गृहीत खोडून काढण्याचा भार सरकारपक्षावर टाकावयाचा. खासगी कृत्यांबद्दल मात्र मुक्तता नाहीं. सहा न्यायाधीश या मताचे होते व तिघे विरुद्ध होते. बहुमताचा निर्णय मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीं लिहिला.

या वर्गीकरणास जोडून दोन नियम घातले आहेत व आमचा आक्षेप त्यांविषयीं आहे. पहिला, कृत्य अधिकारांतील कीं खासगी हें ठरवितांना न्यायालयानें अध्यक्षाच्या हेतूची चौकशी करूं नये. दुसरा, ज्या कृत्यास मुक्तता आहे त्याचा शोध घेणारी अध्यक्षाची वा त्याच्या सल्लागारांची साक्ष आणि त्यांचे खासगी कागद, दुसऱ्या एखाद्या गुन्ह्याचा पुरावा म्हणूनहि ज्यूरीपुढें ठेवूं नयेत. कृत्य घडलें एवढें दाखविण्यापुरतें सार्वजनिक दप्तराकडे बोट दाखवितां येईल, इतकी सवलत बहुमतानें ठेविली आहे. पुराव्याविषयींच्या या दुसऱ्या भागाशीं, बहुमतांतीलच एक न्यायाधीश एमी कोनी बॅरेट या सहमत झाल्या नाहींत, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

(२)

सत्ताधीशाचा सूड हा प्रकार बाहेरून ओळखतां येत नाहीं. एखाद्या गृहस्थाचे कराचे हिशेब तपासणें, एखाद्या नोकरास कामावरून दूर करणें, एखाद्यावर फिर्याद करणें, हीं सर्व कामें सरकार रोज करीत असतें व तीं केलींच पाहिजेत. सुडासाठीं काढलेला हुकूम व न्यायासाठीं काढलेला हुकूम यांचा कागद एक, शिक्का एक, भाषाहि बहुधा एकच. दोहोंत भेद असतो तो हेतूचा. तेव्हां हेतु पाहूं नये असें एकदां ठरलें म्हणजे सूड हा शब्दच त्या न्यायसभेच्या कोशांतून नाहींसा होतो. उरतो तो केवळ हुकूम.

हेतु मनुष्याच्या अंतःकरणांत असतो हें खरें, पण राज्यकारभार मुक्यानें चालत नाहीं. मनांतला विचार हाताखालच्या माणसांस सांगावा लागतो व तीं माणसें तो टिपून ठेवितात. या टिपणांचें, याद्यांचें व शेऱ्यांचें महत्त्व किती, हें पाहण्यास अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकीर्दींतील कागदांइतकें चांगलें उदाहरण नाहीं. ते कागद आतां सर्वांस खुले आहेत. त्यांतील चार साधनें येथें क्रमानें घेतों.

(३)

पहिलें साधन ता. १६ ऑगस्ट १९७१ चें टिपण. लेखक जॉन डीन, हे अध्यक्षांचे कायदेविषयक सल्लागार. विषय राजकीय शत्रूंचा समाचार कसा घ्यावा हा. सत्ता आपल्या हातीं आहे या गोष्टीचा लाभ घेऊन सरकारी यंत्राचा उपयोग विरोधकांना नाडण्याकडे कसा करतां येईल, याचा त्यांत उघड विचार आहे. टिपण अस्सल आहे. लेखकानेंच तें सेनेटच्या चौकशी-समितीपुढें १९७३ च्या जूनमध्यें हजर केलें. पण तें अध्यक्षाच्या हातचें नाहीं व त्यावर अध्यक्षाची सहीहि नाहीं. एवढ्याच कागदावरून अध्यक्षाचा हेतु सिद्ध मानणें चिकित्सेस धरून होणार नाहीं. कारकुनाच्या उत्साहाचें खापर धन्यावर फोडण्याची चूक आमच्याकडील इतिहासलेखनांतहि झालेली आहे.

दुसरें साधन ता. ९ सप्टेंबर १९७१ ची वीस नांवांची यादी. चार्ल्स कोल्सन यांच्या कचेरींत ती तयार झाली व डीन यांजकडे आली. हींत कामगारांचे पुढारी आहेत, प्रतिनिधिगृहाचे सभासद आहेत, वृत्तपत्रकार आहेत. एकोणिसावें नांव पॉल न्यूमन या नटाचें आहे. प्रत्येक नांवापुढें शेरा आहे. यादी प्रसिद्ध झाली तेव्हां डॅनियल शोर हे वार्ताहर चित्रवाणीवरून ती वाचून दाखवीत होते, आणि वाचतां वाचतां सतराव्या क्रमांकास त्यांस स्वतःचेंच नांव आढळलें.

तिसरें साधन निराळ्या यादीचें आहे व या दोन याद्यांची गल्लत होऊं देऊं नये. ता. ११ सप्टेंबर १९७२ रोजीं डीन यांनीं करखात्याचे मुख्य अधिकारी जॉनी वॉल्टर्स यांच्या हातीं सुमारें ५०० नांवांची यादी दिली. हीं नांवें निवडणुकींतील प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या पक्षाच्या मंडळींचीं व देणगीदारांचीं होतीं. त्यांचे हिशेब तपासावे अशी मागणी होती. वॉल्टर्स ती यादी घेऊन कोषमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांजकडे गेले. कांहीं करूं नका, असें शुल्ट्झ यांनीं सांगितलें. वॉल्टर्स यांनीं यादी पाकिटांत घालून, मोहोरबंद करून तिजोरींत ठेविली. पुढें १९७३ सालीं ती अमेरिकन काँग्रेसच्या करविषयक संयुक्त समितीच्या स्वाधीन झाली. यादीवरून कोणाचे हिशेब तपासले गेल्याचा पुरावा त्या समितीस आढळला नाहीं. वॉल्टर्स यांनीं हुकूम मानला नाहीं हें तर मोठेंच. पण त्यांनीं कागद फाडलाहि नाहीं, याचें मोल संशोधकास विशेष वाटतें. फाडला असता तर स्वतःचें संकट टळलें असतें, आणि गुन्ह्याचा मागहि पुसला गेला असता.

चौथें साधन ध्वनिफितीचें. अध्यक्षांच्या कचेरींतील संभाषणें आपोआप मुद्रित करणारी यंत्रें १९७१ च्या फेब्रुवारींत बसविलीं होतीं. अलेक्झांडर बटरफील्ड यांनीं ता. १६ जुलै १९७३ रोजीं समितीपुढें ही गोष्ट उघड केली. वॉल्टर्स यांस यादी मिळाल्यानंतर चारच दिवसांनीं, ता. १५ सप्टेंबर १९७२ रोजीं, अध्यक्ष, हॉल्डमन व डीन यांचें जें संभाषण झालें तें फितीवर आहे. गेल्या चार वर्षांत आपण ही सत्ता वापरली नाहीं, पोलीस-तपासाचें खातें वापरलें नाहीं, न्यायखातें वापरलें नाहीं, पण आतां स्थिति बदलेल, अशा आशयाचे उद्गार त्यांत अध्यक्षांच्या स्वतःच्या तोंडचे आहेत. पहिल्या कागदांत जें डीन यांचें मत होतें तें धन्याचेंहि होतें, हें येथें जुळतें. एका साधनानें जें सिद्ध होत नाहीं तें निरनिराळ्या हातांतून आलेल्या साधनांच्या मेळानें सिद्ध होतें, या आमच्या नित्याच्या नियमाचें याहून स्वच्छ उदाहरण विरळा.

याच संग्रहांत ता. २० जून १९७२ ची एक फीत आहे, जिच्यांत साडेअठरा मिनिटें नुसती घरघर ऐकूं येते. न्यायाधीश सिरिका यांच्यापुढें तज्ज्ञांच्या मंडळानें १९७४ च्या जानेवारींत मत दिलें कीं, निदान पांच वेळां तरी यंत्राच्या कळा हातानें दाबून तो मजकूर पुसला गेला असावा. पुसणारा कोण, हें सिद्ध झालें नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें तो मजकूर परत मिळविण्याचा प्रयत्न केला व २००३ सालीं तो सोडून दिला. आपल्याकडे 'ध' चा 'मा' झाला अशी आख्यायिका आहे. तेथें निदान अक्षराचें अक्षर झालें, येथें अक्षरच राहिलें नाहीं. पण पुसल्याची खूण राहिली, आणि खुणेनेंहि साक्ष दिली.

(४)

या साधनांचा परिणाम काय झाला? सर्वोच्च न्यायालयानें ता. २४ जुलै १९७४ रोजीं आठ न्यायाधीशांच्या एकमतानें फिती हजर करण्याचा हुकूम दिला. ता. २९ जुलै रोजीं प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीनें महाभियोगाचें दुसरें कलम २८ विरुद्ध १० मतांनीं मंजूर केलें. त्यांतील पहिलाच आरोप करखात्याच्या दुरुपयोगाचा होता. ता. ९ ऑगस्ट रोजीं निक्सन पायउतार झाले. ता. ८ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष फोर्ड यांनीं त्यांस माफी दिली.

माफीची वार्ता सर्वांस ठाऊक आहे. त्याच वेळीं झालेला एक करार मात्र दप्तराच्या अभ्यासकांवांचून फारसा कोणाच्या लक्ष्यांत नाहीं. सरकारी मालमत्तेचे अधिकारी आर्थर सॅम्पसन यांनीं निक्सन यांच्याशीं करार करून कागदांवरील त्यांची मालकी कबूल केली होती. आणि ध्वनिफिती १९८४ च्या सप्टेंबरांत, अथवा त्यापूर्वीं निक्सन यांचा मृत्यु झाल्यास तेव्हां, नष्ट करावयाच्या असें ठरलें होतें. हा करार अमलांत येता तर वरील चौथें साधन आज नसतें. काँग्रेसनें डिसेंबर १९७४ मध्यें कायदा करून तो मोडला व फिती सरकारी ताब्यांत ठेविल्या. सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं तो कायदा सात विरुद्ध दोन मतांनीं कायम केला. त्यापूर्वीं वॉशिंग्टनपासून सर्व अध्यक्ष आपले कागद खासगी मालमत्ता समजून घरीं नेत असत. १९७८ च्या कायद्यानें, ता. २० जानेवारी १९८१ पासून पुढील अध्यक्षांचें दप्तर प्रजेच्या मालकीचें ठरलें.

करखात्याविषयींहि दोन कायदे झाले. १९७६ च्या कायद्यान्वयें अध्यक्षास कोणाचे कराचे कागद पाहावयाचे असल्यास त्यानें स्वतःच्या सहीनें लेखी मागणी करावी, तींत त्या इसमाचें नांव व मागणीचें कारण द्यावें, आणि अशा मागण्यांचा तिमाही अहवाल काँग्रेसच्या संयुक्त समितीकडे जावा. १९९८ च्या कायद्यान्वयें अमुक इसमाचे हिशेब तपासा किंवा तपासणी थांबवा असें करखात्यास सांगणें हा अध्यक्ष, उपाध्यक्ष व त्यांच्या कचेरींतील मंडळी यांच्या बाबतींत गुन्हा ठरला. आणि ज्या नोकरास असें सांगण्यांत येईल त्यानें तें वर कळविलेंच पाहिजे असें बंधन घातलें.

या सर्व उपायांत एक समान सूत्र आहे. कायद्यानें अध्यक्षास सज्जन करण्याचा प्रयत्न कोठेंहि केला नाहीं. सही कर, कारण लिही, अहवाल पाठीव, कागद ठेव, एवढेंच त्यास सांगितलें. हेतु कागदावर उतरावा, म्हणजे पुढें कोणीतरी तो वाचील, ही त्या कायद्यांची सारी भिस्त. तेव्हां वाचण्यासच बंदी झाली तर लिहून घेण्याचें प्रयोजन किती उरतें, हा प्रश्न २०२४ च्या निर्णयास विचारला पाहिजे.

(५)

बहुमताची बाजू न मांडतां दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रत्येक नवा अध्यक्ष जुन्यावर खटले भरूं लागला तर राज्ययंत्र आपणच आपणांस खाईल, आणि खटल्याच्या धाकानें अध्यक्ष निर्भयपणें निर्णय घेऊं शकणार नाहीं. म्हणजे ही मुक्तता सुडाविरुद्धचाच उपाय म्हणून पुढें केली आहे. ही भीति खोटी नाहीं. राज्य बदललें कीं मागील कारभाऱ्यांस कैदेंत घालणें हें इतिहासांत वारंवार घडलें आहे.

परंतु उपाय रोगाच्या एकाच अंगास लागू पडतो. मागच्या अध्यक्षाचा पुढच्यापासून बचाव झाला. पण पुढच्या अध्यक्षाच्या हातीं जें हत्यार होतें तें तसेंच राहिलें, किंबहुना अधिक मोकळें झालें. कारण कोणाची चौकशी करावी व कोणावर खटला करावा याविषयीं अध्यक्षानें न्यायखात्याशीं केलेला विचारविनिमय याच निर्णयानें पूर्ण मुक्ततेच्या वर्गांत टाकला आहे. पदावरून उतरलेल्या अध्यक्षास ढाल मिळाली. पण वार्ताहर, विरोधी उमेदवार, साक्ष देणारा कारकून, देणगीदार, यांस कांहींच मिळालें नाहीं. १९७१ च्या यादींतील वीसही नांवें याच दुसऱ्या वर्गांतलीं आहेत.

न्यायालयानें आधार घेतला आहे तो १९८२ च्या 'निक्सन विरुद्ध फिट्झगेराल्ड' या निर्णयाचा. त्याची हकीकत येथें उपयोगी आहे. अर्नेस्ट फिट्झगेराल्ड हे वायुदलाच्या खर्चाचे तपासनीस. सी-५ए या विमानांवर अंदाजाबाहेर खर्च झाल्याची साक्ष त्यांनीं १९६८ सालीं काँग्रेसच्या समितीपुढें दिली व १९७० सालीं त्यांची जागा गेली. ही बडतर्फी आपण मंजूर केल्याचें निक्सन यांनीं १९७३ मध्यें वार्ताहरांस सांगितलें. मग तें विधान व्हाइट हाउसनें मागें घेतलें. फिट्झगेराल्ड यांच्या दाव्यांत न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, अधिकारांतील कृत्यांबद्दल अध्यक्षाकडून नुकसानभरपाई मागतां येत नाहीं. मग अध्यक्षास आळा कशाचा? न्यायाधीश पॉवेल यांनीं महाभियोग, वृत्तपत्रें, काँग्रेसची देखरेख, पुन्हां निवडून येण्याची इच्छा, हे आळे सांगितले, आणि शेवटीं इतिहासांत आपलें नांव कसें राहील याची अध्यक्षास वाटणारी काळजीहि सांगितली.

इतिहासास एवढा मान दिल्याबद्दल आम्हीं आभारच मानावयाचे. पण हा भार आम्हांस पेलणारा नाहीं हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. इतिहास कोणाची गेलेली नोकरी परत देत नाहीं. त्याचा निकाल लागतो तेव्हां फिर्यादी व आरोपी दोघेहि बहुधा मरून गेलेले असतात. शिवाय ज्यास इतिहासाची खरोखरच काळजी वाटते, तो कागद चांगला राखील असें नाहीं. तो कागद जाळण्याचाहि संभव तितकाच. पोलीस-तपासाच्या खात्याचे प्रमुख एडगर हूव्हर यांनीं बेकायदा शोधांचीं टिपणें दप्तरीं दाखल न करण्याची निराळी पद्धतिच घातली होती, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९७२ सालीं त्यांच्या चिटणीसबाईनीं त्यांचे खासगी म्हणविलेले कागद नष्ट केले. इतिहासाची भीति त्या पद्धतीस कारण झाली असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

(६)

आमचा आक्षेप अतिव्याप्त होऊं नये म्हणून एक मर्यादा सांगतों. २०२४ चा निर्णय अध्यक्षावरील फौजदारी खटल्यापुरता आहे. अध्यक्षाच्या हुकुमाविरुद्ध दाद मागणाऱ्यास न्यायालय अद्याप बंद झालेलें नाहीं व तेथें हेतु वाचला जातो. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्यें अध्यक्ष ट्रम्प यांनीं कांहीं वकिली पेढ्यांविरुद्ध सहीचे हुकूम काढले. सरकारी इमारतींत प्रवेश, गुप्त कागद पाहण्याची परवानगी, सरकारी कंत्राटें, यांवर घाला घालणारे ते हुकूम होते. त्या पेढ्यांनीं कोणाचें वकीलपत्र घेतलें होतें हें हुकुमांच्या प्रस्तावनेंतच लिहिलें होतें. चार पेढ्या न्यायालयांत गेल्या, आणि ता. २ मे ते २७ जून २०२५ या अवधींत चार जिल्हा न्यायाधीशांनीं चारहि हुकूम घटनाविरुद्ध ठरविले. येथें टिपण शोधावें लागलें नाहीं, फीत ऐकावी लागली नाहीं. हेतु हुकुमाच्या अंगावरच होता व न्यायाधीशास तो वाचण्याची मनाई नव्हती. म्हणून न्याय मिळाला.

तरीहि उद्यांचा अध्यक्ष यावरून जो धडा घेईल तो उघड आहे. प्रस्तावना लिहूं नये, कारण देऊं नये, बोलावें व लिहूं नये, हा तो धडा. दप्तराची स्थितीहि निर्धास्त राहण्यासारखी नाहीं. अध्यक्ष ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दींतील कांहीं कागद फाडलेल्या स्थितींत आले व त्यांतले कांहीं चिकटपट्टीनें जोडलेले होते, असें राष्ट्रीय दप्तरखान्यानें २०२२ सालीं जाहीर केलें. जीर्ण बंद जोडीत बसलेल्या आमच्या मित्रांस त्या कारकुनांची कल्पना सहज येईल. पण आपण जोडतों ते काळानें फाडलेले असतात. १९७८ च्या कायद्यांत असें फाडण्यास स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाहीं. ता. ७ फेब्रुवारी २०२५ रोजीं राष्ट्रीय दप्तरदार कोलीन शोगन यांस दूर करण्यांत आलें. कारण सांगण्यांत आलें नाहीं असें त्यांनीं स्वतः प्रसिद्ध केलें. दप्तरदारास काढल्यास अध्यक्षानें काँग्रेसच्या दोन्ही सभांस कारण कळवावें, असें कायदा म्हणतो.

(७)

एकंदरींत आमचें मत असें. हेतूविषयींचा नियम न्यायालयानें मुक्ततेची सीमा आंखण्यापुरता घातला असला, तरी त्याचा परिणाम सुडाच्या आरोपावरच होतो, कारण सुडांत हेतूवांचून दुसरें सिद्ध करण्यासारखें कांहीं नसतें. पुराव्याविषयींचा नियम त्याहून सदोष आहे. न्यायाधीश बॅरेट यांनीं त्यास संमति दिली नाहीं तें योग्यच केलें. अस्सल, तारखेचा, ओळखीच्या हाताचा कागद सांपडला असतां तो केवळ लिहिणाराच्या पदाकडे पाहून बाजूस ठेवणें हें आमच्या शास्त्रांत बसत नाहीं, आणि न्यायशास्त्रांत तें कां बसावें हें निर्णय वाचून आम्हांस समजलें नाहीं.

राहतां राहिला वॉल्टर्स यांच्यासारखा अधिकारी. १९७२ सालीं १९७६ चा कायदा नव्हता व १९९८ चाहि नव्हता. त्यांस आधार फक्त नाहीं म्हणण्याच्या धैर्याचा व एका वरिष्ठाच्या शब्दाचा होता. अशीं माणसें कायद्यानें निर्माण करतां येत नाहींत हें खरें. पण त्यांनीं जपून ठेविलेलें मोहोरबंद पाकीट उघडण्यास कोणीतरी अधिकारी असला पाहिजे, इतकी व्यवस्था कायद्यास करतां येते. ती व्यवस्था १९७४ नंतर पंचवीस वर्षें थोडथोडी उभी राहिली. २०२४ च्या निर्णयानें कागद नष्ट केले नाहींत हें मान्य. ते दप्तरांत राहतील, आणि आमच्यासारखे ते पुढें केव्हांतरी वाचतील. ज्यांचीं नांवें यादींत आहेत त्यांस मात्र ते आतां वाचले जावयास हवे आहेत.